बोच

केतकीच्या चेहऱ्याची नस बिघडली त्या वर्षी आमच्या घरातले पंखे बंद झाले. उजव्या गालाला नुसता वारा लागला तरी तिला विजेचा झटका बसायचा. दात घासणं, तोंडावर पाणी मारणं, भाकरीचा तुकडा चावणं, कुणाला मोठ्याने हाक मारणं, कशानेही ती वीज जागी व्हायची. मिरजेच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं खिडक्या लावून बसायचो आणि मी पुठ्ठ्याने वारा घ्यायचो, तोही तिच्याकडे पाठ करून.

गोळ्या झाल्या, दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी वीज गेली नाही. एरवी केतकी म्हणजे जळीत वॉर्डाची प्रमुख सिस्टर. भाजलेल्या माणसांच्या जखमा धुवून पट्ट्या बदलायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. ती घरात भाताची पेज पीत गप्प पडून राहिली की मला घर ओळखू यायचं नाही.

गप्प हे महत्त्वाचं, कारण आमचा संसार भांडणावर उभा होता. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माणूस जे करतो ते शेवटी स्वतःसाठीच करतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं माझं तरुणपणापासूनचं मत. दुकानदार मापात मारत नाही, कारण गिऱ्हाईक परत यायला हवं असतं. शेजारी शेजाऱ्याच्या मदतीला धावतो, कारण उद्या त्याच्यावरही वेळ येणार असते. याला मी ‘शहाणा स्वार्थ’ म्हणायचो आणि नीतीची इमारत एवढ्या पायावर उभी राहते, असं वर्गात ठासून सांगायचो.

“आणि मी?” केतकी विचारायची. “ड्युटी संपल्यावर पेशंटला भरवत बसते, त्यात माझा कसला स्वार्थ?”

“त्याचं दुखणं तुला बोचतं. ती बोच घालवायला तू भरवतेस. घास त्याच्या पोटात जातो, आराम तुला पडतो.”

“असेल बाबा. पण मग घरी येऊन कानात बोळे घालून झोपले असते, तरी बोच गेली असती की!”

यावरही माझ्याकडे उत्तर असायचं. मास्तर माणसाकडे ते असतंच.

शमकाबद्दल आम्हाला सांगितलं डॉ. हिरेमठ यांनी. मेंदूच्या डॉक्टर, बोलायला एकदम साध्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं.

“दुखण्याचे दोन भाग असतात. एक भाग नुसती बातमी देतो. उजवा गाल, जोरात, एवढंच. दुसरा भाग ओरडतो, नको, नको, नको. मेंदूत या दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. ओरडणारी जागा कपाळामागे खोल, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या घडीत आहे. तिथे आम्ही तांदळाच्या दाण्याएवढा शमक बसवतो. तो आसपासच्या पेशींवर सतत कान ठेवून असतो. ओरडा सुरू होतोय असं दिसलं की उलट्या लयीचा बारीकसा प्रवाह सोडून तो ओरडा जागीच विझवतो. बातमी येत राहील, पण जाच होणार नाही.”

शमक बसवून केतकी घरी आली आणि पहिलं काम तिने काय केलं, तर पंखा पूर्ण जोरात लावला आणि त्याखाली उभी राहून शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. कडाकडा आवाज करत.

“येते का गं वीज?” मी भीत भीत विचारलं.

“येते. पण शेजारच्या घरात आल्यासारखी. आपलं काय जातंय?”

त्या दिवशी आम्ही दोघं नाचायचेच बाकी होतो. ती कामावर परत गेली, भाकऱ्या पुन्हा थापायला लागली, माझ्याशी पुन्हा भांडायला लागली.

बदल तिच्याच आधी लक्षात आला. एका संध्याकाळी कप खाली ठेवत ती म्हणाली, “सारंग, काहीतरी गडबड आहे. आज वॉर्डात एक बाई हंबरडा फोडून रडत होती. ती रडतेय हे मला कळत होतं. पण पोटात काही म्हणजे काही हललं नाही. छतावरून पाणी गळतंय, बादली ठेवायला हवी, एवढंच वाटलं.”

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हिरेमठबाईंनी मान डोलावली. काही पेशंटमध्ये त्यांना ही शंका होतीच.

“नाइलाज आहे. आपलं दुखणं आणि दुसऱ्याचं दुखणं मेंदूत एकाच चुलीवर शिजतं. दुसऱ्याच्या बोटात सुई गेलेली पाहिली तरी ओरडणारी तीच जागा जागी होते. आपण तीच विझवून ठेवलीय.”

परतताना रिक्षात केतकी हसली. “घे. जन्मभर तुला प्रयोग हवा होता ना? झाला सुरू. माझी बोच गेली. आता बघ मी काय करते ते.”

मीही हसलो, पण मनातून टरकलो होतो. माझं म्हणणं खरं असेल, तर बोच गेल्यावर केतकीचं धावणंही हळूहळू थांबायला हवं होतं. आधी ड्युटीनंतरचं भरवणं बंद होईल, मग विचारपूस, मग एक दिवस ती चोख पगारापुरतं काम करणारी बाई होईल. जिला मी जीव लावला ती ही नव्हे. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं म्हणणं खोटं ठरावंसं वाटत होतं.

आणि तिचं धावणं थांबलं नाही. केतकी पूर्वीसारखीच उशिरा घरी यायची. फरक एवढाच की आता ती विचारायची. दुखतंय का? कुठे? आत की वरवर? समोरचा जे सांगेल ते खरं मानायची आणि त्याप्रमाणे करायची. पूर्वी जखम धुताना तिचा स्वतःचाच जीव कासावीस व्हायचा, हात घाईला यायचे. आता हात स्थिर झाले होते. पट्ट्या लवकर आणि नीट होत. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना हे फारच आवडलं. जळीत वॉर्डात कुणी सिस्टर फार काळ टिकत नसे, दुसऱ्यांची दुखणी बघून बघून त्या करपून जात. धडधाकट सिस्टरांनाही शमक बसवावा का, अशी चर्चा सुरू झाली. परदेशात काही सर्जन आणि अग्निशामक दलाचे लोक तो मागून घेत होते म्हणे.

मी एकदा तिला विचारलंच, “काहीच वाटत नाही, तर मग करतेस कशाला?”

ती कांदा चिरत होती. “रस्त्यात खड्डा आहे हे मला दिसलं, तर मागून येणाऱ्याला मी सांगते. त्यासाठी आधी माझा पाय मुरगळायला हवा का? खड्डा आहे ना? मग झालं.”

मी दुसरा कांदा सोलायला घेतला. माझी ती माघार तिने हसून साजरी केली.

त्या दिवाळीनंतर गडहिंग्लजला माझा दादा गेला. शेतातून घरी आला, ओसरीवर बसला आणि बसल्या जागी आटोपला. दादाने मला शिकवलं होतं, स्वतःची शाळा सोडून. केतकीने सगळं सांभाळलं. गाडी, फोन, पाहुणे, वहिनीला दोन घास खायला घालणं, भटजी. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मिरजेला परतल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

“तुला काय होतंय ते सांग. मला दिसत नाही, म्हणून विचारते.”

“काही नाही,” मी म्हणालो. “ठीक आहे मी.”

माझा चेहरा पूर्वी तिला पुस्तकासारखा वाचता यायचा. त्या दिवशी तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि चहा ठेवायला उठून गेली. मी तिथेच बसून राहिलो. एकाच घरात राहून मला तिची इतकी आठवण कधी आली नव्हती.

मग हौसामावशींचं प्रकरण झालं.

हौसाबाई शिरोळकडच्या गुऱ्हाळावरच्या. काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवताना उकळता रस दोन्ही पायांवर सांडला होता. वयाने पासष्टीच्या पुढच्या, अंगाने काटक. ड्रेसिंगच्या आधी केतकीने नेहमीप्रमाणे विचारलं, “मावशी, दुखतंय का? इंजेक्शन वाढवू?”

“न्हाई बाळ. कर तू तुझं.”

केतकीने मानलं आणि काम सुरू केलं. मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा “न्हाई” आलं. नाडी जोरात चालली होती, पण भाजलेल्या माणसाची ती चालतेच. शेवटची पट्टी बांधायच्या आधी हौसाबाईंचे डोळे पांढरे झाले. दुखणं सोसून सोसून हृदयाची लय चुकली होती. अतिदक्षता विभागात हलवल्यामुळे त्या वाचल्या, पण थोडक्यात. शेजारच्या खाटेवरच्या बाईने नंतर केतकीला सांगितलं, “अहो सिस्टर, त्यांनी दातात पदर धरला होता. पायाची बोटं अशी आवळली होती. तुम्हाला दिसलं न्हाई व्हय?”

तिला दिसलं होतं. त्याचा अर्थ लागला नव्हता.

व्यवस्थापक वाईट वागले नाहीत. झालं ते झालं म्हणाले आणि तिला कचेरीतली जागा देऊ केली. चांगला पगार, पेशंटशी संबंध नाही, शमक डोक्यात सुखाने राहील. मी लगेच म्हणालो, घे. केतकीने मात्र आधीच डॉ. हिरेमठांना भेटून मोटारीच्या किल्लीएवढं एक बटणाचं यंत्र आणलं होतं. त्याने शमक हवा तेव्हा बंद करता येत असे.

“सकाळी ड्रेसिंगच्या वेळेपुरता बंद ठेवणार,” ती म्हणाली.

“वेडी झालीस का? वीज परत येईल.”

“येईल.”

“दुसरी कुणी सिस्टर बघेल त्या मावशींना!”

“बघतील. पण त्या नव्या आहेत. न सांगणाऱ्या पेशंटचं ओळखायला वर्षं जातात. मला ते येतं. मी ते बंद करून ठेवलंय.”

“तुला त्या बाईची दया येते का?”

केतकीने खरोखर विचार केला. ती खोटं बोलत नाही. “नाही,” ती म्हणाली. “आत्ता मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नाही. या टेबलाबद्दल वाटावं तेवढंच.”

“मग कशासाठी? तुला काय मिळणार यातून?” मी जवळजवळ ओरडलोच.

“मला?” ती म्हणाली. “मला काय मिळणार? गाल दुखेल. पण त्यांना दुखत होतं, सारंग. ते खरं होतं. मला वाटलं नाही म्हणून ते खोटं होत नाही.”

इतक्या वर्षांत जमवलेली माझी सगळी उत्तरं मी त्या रात्रीच्या जेवणापर्यंत तपासून पाहिली. एकही बसेना. बोच शमवायला माणूस धावतो, हे ठीक. इथे तर बोचच नव्हती, आणि हौसाबाईंकडून काही मिळायचंही नव्हतं. जिला कुणाचंच काही बोचत नव्हतं ती बाई, दुसरीच्या पायांसाठी, बोच परत मागून घेत होती. आणि मी? शमक बंद झाला तर मला माझी जुनी केतकी मिळणार होती, जी माझा चेहरा वाचायची. मला तीच हवी होती. तरी मी गयावया करून म्हणत होतो, नको, चालू ठेव, तुला दुखेल. माझा स्वार्थ काही मला शहाणा वाटेना. तो स्वार्थही वाटेना.

तिने ऐकलं नाही. मग मी पहिल्या दिवशी तिच्याबरोबर गेलो आणि जळीत वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसलो. मी तोंडात रुमाल धरून बसलो होतो, जणू वीज मलाच येणार होती.

पुष्कळ वेळाने दार उघडलं. केतकी भिंतीला धरून बाहेर आली. उजवा डोळा गळत होता, गालाला हात लावायचीही सोय नव्हती म्हणून हात हवेतच धरलेला.

“झालं ना? लाव आता,” मी उठून म्हणालो.

“थांब.” ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या कपाळाकडे, डोळ्यांकडे, हातातल्या रुमालाकडे. आणि मग तिचा चेहरा मोडला.

“दादा गेला रे तुझा,” ती म्हणाली. “दादा गेला, आणि मी तुला सोडून चहा ठेवायला गेले.”

तिने माझं डोकं तिच्या डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्या गालाला धक्का लागणार नाही असं. येणारेजाणारे बघत होते. झटका आला की तिचं सगळं अंग ताठायचं, ते मला कळायचं. मी तिच्या खिशातलं यंत्र काढायला बघत होतो आणि ती माझा हात धरून ठेवत होती.

असं पुष्कळ दिवस चाललं. सकाळी बंद, काम झालं की चालू. ड्रेसिंग संपेपर्यंत ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. वजन उतरलं. मी डब्यात गार खीर घेऊन जायचो आणि शमक चालू झाल्यावर समोर बसून तिला खायला लावायचो.

हौसाबाई वाचल्या, सावरल्या. त्यांना बाहेरच्या खोलीत हलवलं, तिथे मलाही जाता यायचं. एकदा पट्टी सोडताना केतकीचा हात थबकला, तोंड वाकडं झालं.

“तुझं तोंड का गं असं हुतंय?” हौसाबाईंनी विचारलं.

“काही नाही, मावशी.”

“मला शिकवतीस व्हय? मीबी असंच म्हनते. काय न्हाई, काय न्हाई.”

केतकी हसली आणि मग तिने सगळं सांगितलं. नस, शमक, बटण. हौसाबाई ऐकता ऐकता उठून बसल्या.

“म्हंजे मी गप पडते म्हनून तू सोताला दुखवून घेतीस?”

“तसं नाही, मावशी.”

“तसंच हाय. गप.” त्या खिडकीकडे बघत राहिल्या. “आमच्यात बाईनं दुखतंय म्हनायचं नसतंय बाळ. पयल्या बाळंतपनाला सासू दारात उभी. म्हनली, आवाज बाहेर गेला तर याद राख. दात आवळले ते आवळलेच. नवऱ्याला बी कधी सांगितलं न्हाई.” मग त्यांनी एकदम हात पुढे केला. “कुठाय ते यंत्र? लाव. मी सांगीन.”

“सांगाल? खरंच?”

“शपत. तू इचार, मी सांगीन. पर ते लाव आधी.”

केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. ताठलेले खांदे खाली आले. तिने पट्टीचं टोक उचललं. “दुखतंय, मावशी?”

हौसाबाईंचा चेहरा लाल झाला. चारचौघांत शिवी द्यावी लागावी तसा. मग पदराआडून बारीक आवाज आला.

“दुखतंय.”

केतकी थांबली. इंजेक्शन वाढवलं, वाट पाहिली, पुन्हा विचारलं. पुन्हा “दुखतंय,” या वेळी थोडं मोठ्याने. ती पुन्हा थांबली. असं करत करत ड्रेसिंग पूर्ण झालं. हौसाबाईंचे डोळे भरून वाहत होते आणि त्या हसत होत्या.

घरी येताना मी गाडी चालवत होतो. केतकी शेजारी डबा खात होती. बायपासच्या वळणावर मला राहवेना.

“केतकी,” मी म्हणालो, “दुखतंय.”

तिने चमचा खाली ठेवला. “कुठे?”

“दादाचं.”

“गाडी बाजूला घे,” ती म्हणाली. शमक चालू होता, तिच्या पोटात काही हललं नसणार. पण तिने माझ्याकडे पूर्ण वळून विचारलं, “कसं दुखतं, सांग.” आणि मी सांगितलं. दादाने माझ्यासाठी शाळा कशी सोडली, त्याच्या पायांत चपला कशा नसायच्या, शेवटच्या फोनवर मी मीटिंग आहे म्हणून कसा ठेवून दिला. ट्रक आमच्या बाजूने धडधडत जात होते. ती मध्येमध्ये विचारत राहिली, एकही शब्द खोटा न मानता. माझं बोलून संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

वर्गात मी शहाणा स्वार्थ अजून शिकवतो. बाजार समजायला तो पुरतो. नीतीच्या धड्यापाशी आलो की मात्र पुस्तक मिटतो आणि मुलांना हौसाबाईंची गोष्ट सांगतो. कुणाचा कसा फायदा झाला ते तुम्हीच शोधा म्हणतो. ती शोधतात, आणि भांडतात. भांडू देत.

व्यवस्थापकांच्या बैठकीत केतकीने सांगितलं की सिस्टरांना शमक बसवायचा असेल तर खुशाल बसवा, पण मग आधी प्रत्येक पेशंटला ओरडायला शिकवायला लागेल. ती चर्चा अजून चालू आहे.

हौसाबाई घरी जायच्या आधीच्या शेवटच्या ड्रेसिंगला मी खीर घेऊन पोहोचलो, तेव्हा त्यांची आरोळी जिन्यापर्यंत ऐकू आली.

“आई गं! मेले! दुखतंय गं सिस्टर, लई दुखतंय!”

मी धावतच आत गेलो. खोलीतल्या सगळ्या खाटा हसत होत्या. केतकी हातमोजे घालत दाराशीच उभी होती.

“अहो मावशी, मी अजून हातसुद्धा लावला नाही!”

“म्हायती हाय,” हौसाबाई म्हणाल्या. “तू सावकाश ये. तवर मी घसा मोकळा करून घेतीय.”